आधी कानसेन : जेफ बकली नव्याने ऐकणाऱ्यांसाठी

आपल्याकडे गाता न येणारा रसिक मैफलीत हसत हसत सांगतो, की आम्ही तानसेन नसलो तरी कानसेन आहोत. जेफ बकली हा अमेरिकी ऑल्टरनेटिव्ह रॉक गायक आणि गीतकार दोन्ही होता, परंतु त्याचे तानसेनपण त्याच्या कानसेन असण्यातून आले होते, आणि त्याच्याकडे नव्याने वळणाऱ्या श्रोत्याने हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. त्याच्या हयातीत 'ग्रेस' हा पूर्ण लांबीचा एकच स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाला. त्यात दहा गाणी आहेत आणि तो सुमारे ५२ मिनिटांचा आहे. नुसता ऐकून टाकायचा म्हटला तर एक दुपार पुरते. परंतु त्या ५२ मिनिटांत फैसलाबादची कव्वाली, पाचशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी धार्मिक गीत, नीना सिमोन या अमेरिकी गायिकेची सांजवेळ आणि लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडचा दणदणाट कोणकोणत्या वाटांनी येऊन मिळाले, हे ठाऊक नसेल तर तो 'बरी उदास गाणी' एवढ्यावरच मागे पडतो.

मी स्वतः उलट्या टोकाने आत शिरलो होतो. 'हालेलुया' हे त्याचे सर्वांत गाजलेले गाणे संगणकाच्या पत्र्यासारख्या वाजणाऱ्या स्पीकरवर ऐकले, आवडले, आणि पुढची कित्येक वर्षे जेफ बकली म्हणजे एका गाण्याचा गायक असे धरून चाललो. ती चूक इतरांची होऊ नये, म्हणून पुढील क्रम सुचवीत आहे.

पहिली पायरी : ऐकण्याची तयारी

जेफचा आवाज एकाच कडव्यात कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो. सुरुवातीचा हळुवार भाग नीट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला, की दोन मिनिटांनी कानठळ्या बसतात, आणि मोठ्या भागाला धरून तो कमी ठेवला, तर ज्या श्वासोच्छ्वासांसाठी हे गाणे ऐकायचे तेच हरवतात. म्हणून लोकलच्या गर्दीत किंवा स्वयंपाक करताकरता पहिली भेट घेऊ नये. बऱ्यापैकी हेडफोन, शांत खोली आणि तासभर मोकळा वेळ एवढे पुरेसे आहे. गाणी आलटूनपालटून वाजवणारी सोय बंद ठेवावी, कारण अल्बममधील क्रम विचारपूर्वक लावलेला आहे.

शोधताना एक अडचण येईल. त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात न्यूयॉर्कमधील ज्या कॅफेचा उल्लेख आहे, त्याचा उच्चार 'शिने' असा होतो. परंतु तो आयरिश शब्द असल्यामुळे रोमन लिपीत त्याची सुरुवात 'एस-आय-एन' अशी होते आणि त्यानंतर जोडरेघ देऊन 'ई' हे अक्षर येते. उच्चाराप्रमाणे टंकलेखन केल्यास काहीही सापडत नाही.

दुसरी पायरी : चरित्र, पण बेतानेच

जेफचा जन्म १७ नोव्हेंबर १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे झाला. आई मेरी गिबर्ट पियानो आणि चेलो यांचे पाश्चात्त्य अभिजात शिक्षण घेतलेली होती. वडील टिम बकली हे साठच्या दशकातील नावाजलेले गायक-गीतकार होते, परंतु मुलाच्या जन्मापूर्वीच ते संसारातून बाहेर पडले होते. मुलगा 'स्कॉटी मूरहेड' या नावाने वाढला. स्कॉट हे त्याचे मधले नाव आणि मूरहेड हे सावत्र वडिलांचे आडनाव. हे सावत्र वडील व्यवसायाने मोटार मेकॅनिक होते, आणि घरात लेड झेपेलिन, क्वीन, जिमी हेंड्रिक्स, पिंक फ्लॉइड यांच्या रेकॉर्डी आल्या त्या त्यांच्यामुळे. पाचसहा वर्षांचा असताना आजीच्या कपाटात जेफला एक गिटार सापडली आणि तेराव्या वर्षी त्याच्या हातात इलेक्ट्रिक गिटार आली.

टिम यांच्याशी त्याची खरी भेट एकदाच झाली, वयाच्या आठव्या वर्षी. त्यानंतर थोड्याच काळाने, २९ जून १९७५ रोजी, हेरॉइनच्या अतिसेवनाने टिम मरण पावले. त्यांचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. अंत्यविधीला मुलाला बोलावणे आले नाही. त्यानंतर मुलाने जन्मदाखल्यावरचे जेफ बकली हे नाव लावायला सुरुवात केली, जरी घरच्यांसाठी तो अखेरपर्यंत स्कॉटीच राहिला. नाव मिळाले, तालीम मिळाली नाही, असे हे वारसाहक्काचे विचित्र प्रकरण होते.

शाळा संपल्यावर त्याने हॉलिवूडमधील म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पुढे काही वर्षे लॉस एंजलिसमध्ये हॉटेलात काम करीत निरनिराळ्या बँडमध्ये गिटार वाजवली, आणि १९९० मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. एवढ्या काळात त्याची ओळख गिटारवादक अशीच होती. गायक म्हणून तो लोकांसमोर आला तो प्रसंग पुढे वडिलांविषयीच्या पायरीत येईल. चरित्राचे एवढे सामान सध्या पुरे. अनेक चाहते त्याच्या बुडून झालेल्या मृत्यूपासून सुरुवात करतात आणि मग प्रत्येक ओळीत त्यांना पाणीच दिसू लागते. तो मोह नव्या श्रोत्याने टाळलेला बरा.

तिसरी पायरी : कॅफेतील जेफ

ऐकण्याची सुरुवात स्टुडिओतील अल्बमने करू नये, तर 'लाइव्ह अ‍ॅट शिने'ने करावी. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये सेंट मार्क्स प्लेस नावाच्या रस्त्यावर हे आयरिश मालकाचे लहानसे कॅफे होते. १९९२ च्या वसंतापासून जेफ तेथे सोमवारी रात्री एकटाच, एक इलेक्ट्रिक टेलिकास्टर गिटार घेऊन गाऊ लागला. कॅफेत कप विसळण्याचे काम करणारा तरुण आणि समोर गाणारा तरुण हा एकच, अशी तेथील परिस्थिती होती. त्या उन्हाळ्यात रेकॉर्ड कंपन्यांचे अधिकारी लांबलचक मोटारींतून त्या गल्लीत येऊ लागले, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच्याशी करार केला.

१९९३ च्या अखेरीस या कॅफेतील चार गाण्यांची छोटी ध्वनिमुद्रिका निघाली. नवख्याने मात्र २००३ मध्ये निघालेली विस्तारित आवृत्ती घ्यावी. तीत गाण्यांच्या मधल्या गप्पा, नकला आणि इतरांची असंख्य गाणी आहेत. सलग सगळे ऐकण्याची गरज नाही. नीना सिमोनचे 'बी युअर हजबंड' घ्यावे, ज्यात तो गिटार बाजूला ठेवून जवळजवळ निव्वळ ठेक्यावर गातो. त्यानंतर फ्रेंच गायिका एदिथ पियाफचे फ्रेंच गाणे घ्यावे, आणि मग व्हॅन मॉरिसनचे 'द वे यंग लव्हर्स डू' दहा मिनिटे ताणलेले ऐकावे. मूळ गाणे तीनसव्वातीन मिनिटांचे आहे. उरलेल्या वेळात तो काय करतो, याचे उत्तर आपल्या श्रोत्याला लगेच सापडेल : तो बढत करतो. शब्द सोडून देतो, एकच तुकडा वेगवेगळ्या जागांवरून उचलतो, गिटारशी सवालजबाब करतो आणि समेसारख्या एका ठिकाणी परत येतो.

लोक या काळाला त्याची उमेदवारी समजतात. मला हीच त्याची शाळा वाटते, कारण गुरू समोर नसताना गायकीचा एकेक विद्यार्थी जे करील तेच तो करीत होता : दुसऱ्याचे गाणे त्या गायकाच्या श्वासासकट पाठ करणे, आणि ते रोज लोकांसमोर म्हणून पाहणे.

चौथी पायरी : नुसरत

मराठी श्रोत्याला येथे एक आयती सोय आहे, जी सिअ‍ॅटलमधील श्रोत्याला नव्हती. या विस्तारित आवृत्तीत जेफ चक्क 'ये जो हलका हलका सुरूर है' ही उर्दू कव्वाली गातो, आणि तिच्याआधीच्या गप्पांत तो नुसरत फतेह अली खान यांच्याविषयी जे म्हणतो, ते त्या भागाचे शीर्षकच होऊन बसले आहे : 'नुसरत, तो माझा एल्व्हिस.'

१९९० मध्ये हार्लेममध्ये राहत असताना खोलीवरच्या सोबत्याने ही कव्वाली मोठ्या आवाजात लावली, आणि ती ऐकत आपण दोघे उभेच राहिलो, असे जेफने पुढे नुसरत यांच्या एका संग्रहासाठी लिहिलेल्या टिपणात नोंदवले आहे. शब्दांचा अर्थ त्याला कळत नव्हता. तरी त्याने ते शब्द कानाने टिपून पाठ केले. जानेवारी १९९६ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकासाठी त्याने नुसरत यांची मुलाखतही घेतली. अशा मुलाखतीत साधारणतः पत्रकार बसतो. येथे समोर चाहता बसला होता, आणि तो चाहता स्वतःही गायक होता.

ही पायरी अशी चढावी. प्रथम नुसरत यांची मूळ कव्वाली ऐकावी, निदान पहिली पंधरा मिनिटे. मग जेफची ऐकावी. त्याचे उच्चार आपल्या कानाला बोबडे वाटतील, ठेक्याची घडणही सैल वाटेल, आणि कव्वालीचा दर्दी 'हे काही खरे नाही' म्हणून उठेल. उठू नये. कव्वाली नीट जमली की नाही हा येथे प्रश्नच नाही. त्याने तीमधून काय उचलले, हे पाहायचे आहे. माझ्या मते त्याने तीन गोष्टी उचलल्या. एक म्हणजे शब्द संपल्यावरही गाणे चालू राहू शकते हा विश्वास. दुसरी म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणताना ती दर वेळी थोडी वर चढवत नेण्याची युक्ती. तिसरी सर्वांत मोलाची : तार सप्तकात जाताना रॉक गायक सहसा घसा ताणून ओरडतो, तसे न करता मींडेने, वाटेतले सूर दाखवीत वर जाणे. रॉकमध्ये हे त्या काळी दुर्मीळ होते.

येथे एक विरोध ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नुसरत यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कव्वाली चालत आली होती, आणि १९६४ मध्ये वडील उस्ताद फतेह अली खान गेल्यावर किशोरवयातच ती जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांना गाणे घराण्याने दिले. जेफचे वडीलही गायक होते आणि त्याच्या लहानपणीच गेले, पण त्याला गाणे मिळाले ते रेकॉर्डींमधून, रेडिओवरून आणि शेजारच्या खोलीतून.

याच ओढीचा आणखी एक पुरावा हवा असेल, तर जुलै १९९५ मध्ये फ्रान्समधील एका पवित्र संगीताच्या महोत्सवात त्याने अझरबैजानचे मुगाम (तेथील पारंपरिक अभिजात संगीत) गायक अलीम कासिमोव्ह यांच्याबरोबर गायलेले 'व्हॉट विल यू से' ऐकावे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कासिमोव्ह यांचा आवाज कंप घेत वर जातो, आणि जेफ त्यांना उत्तर देण्याऐवजी आधी बाजूला सरून ऐकतो. मग हलकेच त्यांच्या सुराला सूर जोडतो. कान कसा गातो, हे यापेक्षा स्पष्ट क्वचितच ऐकायला मिळेल.

पाचवी पायरी : 'ग्रेस', तीन वेळा

आता मुख्य अल्बम. पार्श्वभूमी एवढीच, की १९९१ च्या सप्टेंबरमध्ये निर्वाना या अमेरिकी बँडच्या 'नेव्हरमाइंड' या अल्बमने ऑल्टरनेटिव्ह रॉक हा किनाऱ्यावरचा प्रकार थेट बाजारपेठेच्या मध्यभागी आणला होता. त्या अल्बमचे मिक्सिंग करणारे अँडी वॉलेस हेच 'ग्रेस'चे निर्माते. ध्वनिमुद्रण १९९३ च्या सप्टेंबरपासून न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत झाले. मिक ग्रोंडाल बासवर, मॅट जॉन्सन ड्रम्सवर, आणि जरा उशिरा सामील झालेला मायकेल टाय गिटारवर. अल्बम २३ ऑगस्ट १९९४ रोजी बाजारात आला. रेडिओवर त्या वेळी जाड, भरड गिटारींचे राज्य होते, आणि एका तरुण पुरुषाने स्त्रीच्या पट्टीत जाऊन गायलेले हे नाजूक काम कोठे बसवावे हे कोणालाच उमगेना. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते १४९ व्या क्रमांकापुढे सरकले नाही. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रेलियात मात्र त्याला लवकर कान मिळाले. फ्रान्समध्ये १९९५ मध्ये अकादमी शार्ल क्रो या संस्थेचा पुरस्कारही मिळाला.

पहिल्या वेळी काहीही न शोधता सलग ऐकावे.

दुसऱ्या वेळी काही जागा पकडाव्यात. 'मोजो पिन'ची सुरुवात शब्दांनी होत नाही. गिटारच्या धुक्यातून एक गुणगुण येते आणि आलापासारखी हळूहळू उघडते. शीर्षकगीत 'ग्रेस' हे आणि 'मोजो पिन' ही दोन्ही गाणी गिटारवादक गॅरी लुकस यांच्याबरोबर रचलेली आहेत, आणि त्या गुंतागुंतीच्या, धावत्या गिटारच्या आकृत्या मूळ लुकस यांच्या आहेत, हे श्रेय नव्या श्रोत्याने विसरू नये. 'ग्रेस'च्या शेवटी जेफचा आवाज शब्द सोडून जो वर उसळतो, तेथे चौथ्या पायरीवर ऐकलेले नुसरत आठवावेत. 'लास्ट गुडबाय'ची सुरुवात गिटारच्या तारांवरून काचेची किंवा धातूची नळी घसरवून केलेली आहे. हा ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीताचा वारसा. 'सो रियल'च्या मध्यावर गिटारींचा जाणूनबुजून केलेला गोंगाट आहे, त्याला ध्वनिमुद्रणाचा दोष समजू नये.

'लव्हर, यू शुड हॅव कम ओव्हर' हे सातवे गाणे मला या अल्बमचे काळीज वाटते. ते पेटीने सुरू होते. होय, आपली पेटी : हार्मोनियमचे लांबवलेले सूर, भात्याच्या श्वासासह, जेफने स्वतः वाजवलेले. ते थांबल्यावर गिटार आणि बास पावसाळी संध्याकाळीसारखे सावकाश आत येतात. तरुण माणसाने हातची माणसे गमावल्यावर, चूक आपली होती हे कळण्याइतका तो मोठा झालेला आहे आणि सावरण्याइतका झालेला नाही, असा त्या गीताचा भाव आहे. शेवटाकडे मागे कोरसचे आवाज गॉस्पेलसारखे, म्हणजे चर्चमधील समूहगानासारखे, उभे राहतात आणि तो त्यांच्यावरून तरंगत जातो.

शेवटचे 'ड्रीम ब्रदर' मन लावून ऐकावे, कारण त्यात तबला आहे. तो मिशा मसूद यांनी वाजवला आहे. हे गाणे जेफने एका मित्राला उद्देशून लिहिले, ज्याची जोडीदार गरोदर होती आणि जो तिला सोडून जाण्याच्या बेतात होता. नावाखेरीज मागे काही न ठेवणाऱ्या माणसासारखा तू होऊ नकोस, अशा आशयाची विनवणी त्यात आहे. तो माणूस कोण, हे सांगण्याची गरज नाही.

तिसऱ्या वेळी इतरांकडून घेतलेली तीन गाणी घ्यावीत, आणि प्रत्येकाचे मूळ आधी ऐकावे. 'लायलॅक वाइन' हे जेम्स शेल्टन यांचे १९५० चे गाणे आहे. जेफने ते नीना सिमोन यांच्या गायनातून घेतले. दोन्ही ओळीने ऐकली, की सिमोन यांची थांबण्याची लकब त्याने कशी उचलली आणि कोठे सोडली ते दिसते. 'कॉर्पस ख्रिस्ती कॅरल'चे शब्द सोळाव्या शतकाच्या आरंभीचे आणि संगीत विसाव्या शतकातील इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचे. ते तो पूर्णपणे फॉल्सेटोत गातो, ज्याला आपल्याकडे जरा नाक मुरडूनच 'खोटा आवाज' म्हणतात. हा आवाज खोटा असेल, तर खऱ्याची व्याख्या बदलावी लागेल. त्याच्या आवाजाचा पल्ला किती सप्तकांचा होता यावर चाहते हिरिरीने आकडे मांडतात. त्या मोजदादीत वेळ घालवू नये.

आणि 'हालेलुया'. कॅनडाचे कवी-गायक लिओनार्ड कोहेन यांनी हे स्वतः रचलेले गाणे १९८४ च्या अल्बमात गायले, तेव्हा ते फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. १९९१ मध्ये वेल्सचे संगीतकार-गायक जॉन केल यांनी कोहेन यांच्या गौरवार्थ निघालेल्या अल्बमासाठी त्याची कडवी नव्याने निवडून, फक्त पियानोवर ते गायले. जेफने केल यांचे रूप घेतले, कोहेन यांचे नव्हे. म्हणून ऐकण्याचा क्रम कोहेन, केल, जेफ असा ठेवावा. कोहेन जाड, समजूतदार आवाजात प्रवचनकारासारखे सांगतात; केल ते कोरडे आणि निकट करतात; जेफ त्यातले धर्मग्रंथातले संदर्भ जवळजवळ विसरून ते शरीराच्या पातळीवर आणतो. त्याच्या ध्वनिमुद्रणात पहिली तार छेडण्याआधी एक उच्छ्वास ऐकू येतो. शेवटी तो एक सूर इतका वेळ धरून ठेवतो, की आपण श्वास रोखल्याचे ऐकणाऱ्याला नंतरच कळते. हे गाणे खरे गाजले ते त्याच्या मृत्यूनंतर. डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका दूरचित्रवाणी स्पर्धेच्या विजेतीने गायलेले 'हालेलुया' यादीत पहिले आले, तेव्हा जेफचे दुसरे होते.

सहावी पायरी : वडिलांकडे, एवढ्या उशिरा का

जेफला वडिलांशी होणारी तुलना आवडत नसे, म्हणून टिम यांना या क्रमात मी मुद्दाम मागे ठेवले आहे. तरी टाळणे बरोबर नाही. २६ एप्रिल १९९१ रोजी ब्रुकलिनच्या सेंट अ‍ॅन्स चर्चमध्ये निर्माते हॅल विल्नर यांनी टिम यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठेवला होता. २४ वर्षांचा, कोणाला फारसा माहीत नसलेला मुलगा मंचावर आला आणि त्याने वडिलांची गाणी गायला सुरुवात केली. त्यांतले 'आय नेव्हर आस्क्ड टू बी युअर माउंटन' हे टिम यांनी सोडून दिलेल्या बायकोमुलाच्या संदर्भातच लिहिलेले आहे. शेवटी 'वन्स आय वॉज' गाताना गिटारची तार तुटली, आणि उरलेले गाणे त्याने साथीशिवाय पूर्ण केले. अंत्यविधीला जाता आले नव्हते याची रुखरुख होती, तेवढे देणे फेडायला आलो, असे त्याने पुढे सांगितले. गंमत अशी, की वडिलांपासून दूर राहू पाहणाऱ्या या मुलाची गायक म्हणून कारकीर्द त्याच संध्याकाळी सुरू झाली. गॅरी लुकस यांच्याशी त्याची ओळखही त्याच कार्यक्रमाच्या निमित्ताने झाली.

ही दोन्ही गाणी टिम यांच्या १९६७ च्या 'गुडबाय अँड हॅलो' या अल्बमात मिळतील. त्यानंतर १९७० च्या 'स्टारसेलर'मधील 'साँग टू द सायरन' ऐकावे. बापलेकांच्या आवाजाचा पोत सारखा आहे हे खरे, पण वळणे वेगळी आहेत : टिम जॅझच्या मोकळ्या रानात गेले, जेफ गाण्याच्या घराला धरून राहिला.

सातवी पायरी : अपुरे राहिलेले

दुसऱ्या अल्बमासाठी जेफने टेलिव्हिजन या बँडचे टॉम व्हर्लेन यांना निर्माते म्हणून घेतले. झालेले काम त्याला पसंत पडले नाही. १९९७ च्या आरंभी तो टेनेसी राज्यातील मेम्फिसला राहायला गेला आणि एका भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर एकटाच नवी गाणी मुद्रित करू लागला. २९ मे १९९७ च्या संध्याकाळी, बँडचे साथीदार विमानाने मेम्फिसला यायचे होते त्याच दिवशी, तो मिसिसिपीला मिळणाऱ्या वुल्फ रिव्हर हार्बरच्या पाण्यात कपडे आणि बुटांसह उतरला. पोहताना तो लेड झेपेलिनचे गाणे म्हणत होता. एक बोट गेली, लाटा उठल्या, आणि काठावरचा सहकारी वळून पाहतो तो जेफ दिसेना. ४ जून रोजी मृतदेह सापडला. शवविच्छेदनात अमली पदार्थ आढळले नाहीत. अपघाती बुडून मृत्यू, असाच निष्कर्ष निघाला. आत्महत्येच्या वावड्या आजही उडतात, त्यांना आधार नाही. पुढच्या अडीच महिन्यांत, १६ ऑगस्टला, नुसरत फतेह अली खानही लंडनमध्ये निवर्तले.

उरलेले काम आईच्या देखरेखीखाली आणि साउंडगार्डन या बँडचे गायक क्रिस कॉर्नेल यांच्या मदतीने मे १९९८ मध्ये दोन तबकड्यांवर प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच 'स्केचेस' म्हणजे रेखाटने असा शब्द आहे, आणि ते तसेच ऐकावे. पहिल्या तबकडीवर मुख्यतः व्हर्लेन यांच्याबरोबरची कामे आहेत : 'एव्हरीबडी हिअर वाँट्स यू'मध्ये सोल संगीताची मऊ लय आहे आणि 'मॉर्निंग थेफ्ट' तर 'ग्रेस'च्या तोडीचे आहे. दुसरीवर घरगुती मुद्रणे आहेत. खरखरीत, विस्कळीत, काही वेळा कंटाळवाणी. नवख्याने तेथे घाई करू नये. मृत्यूनंतर निघालेल्या इतर अनेक संग्रहांपैकी १९९५ च्या पॅरिसमधील मैफलीचे 'लाइव्ह आ लोलँपिया' तेवढे आवर्जून घ्यावे. कासिमोव्ह यांच्याबरोबरचे गाणे त्यातच जोडलेले आहे.

आठवी पायरी : त्याच्यापासून पुढे

जसे त्याने इतरांकडून घेतले, तसे इतरांनी त्याच्याकडून. रेडिओहेड या ब्रिटिश बँडचे गायक टॉम यॉर्क यांनी १९९४ मध्ये लंडनला जेफची मैफल ऐकून स्टुडिओत परतल्यावर 'फेक प्लास्टिक ट्रीज' गायले. त्यातला उघडा पडलेला उंच आवाज ऐकला की संबंध सांगावा लागत नाही. कोल्डप्ले या बँडचे 'शिव्हर' हे तर जेफची सरळ नक्कल असल्याचे त्यांचे गायक क्रिस मार्टिन यांनीच मान्य केले आहे. मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचे 'टिअरड्रॉप' गाणाऱ्या एलिझाबेथ फ्रेझर यांचे जेफशी एके काळी प्रेमसंबंध होते, आणि तो नाहीसा झाल्याची बातमी आली तेव्हा त्या याच गाण्यावर काम करीत होत्या.

वाजवणाऱ्यांसाठी थोडे. 'हालेलुया' जेफने बँडशिवाय, एकट्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवले असल्यामुळे ते घरच्या गिटारवरही पुरे होते. कॅपो पाचव्या पट्टीवर लावावा, 'जी'च्या आकाराने सुरुवात करावी आणि तारा एकेक करून छेडाव्यात. वजन सहाचे आहे. ज्याच्या कानात दादरा बसलेला आहे त्याला लय मोजावी लागणार नाही, फक्त ठेका फार हलवून वाजवण्याची सवय आवरावी लागेल. गिटार नसेल आणि घरी पेटी असेल, तर 'लव्हर'ची सुरुवात कानाने काढून पाहावी. उजव्या हाताला तेथे फारसे काम नाही, सूर थोडे आणि लांब आहेत. डाव्या हाताने भाता मात्र अगदी सावकाश चालवावा, कारण घाईने हाप मारली की सूर डुचमळतो आणि गिटार येण्याआधीच संध्याकाळ मोडते.